पाच वाजेपर्यंतच्या आक्का

माझ्या थोरल्या जाऊबाईंएवढा शिस्तीचा कारभार सगळ्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाचा नसेल. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना आमचं पुढचं दार वाजवून बघावं. दार उघडत नाही. आतून फक्त आवाज येतो, "कार्यालय दहाला उघडेल."

कार्यालय म्हणजे आमच्या घराचा सोपा, पुढची बसाउठायची खोली. तिथं आक्का आणि मी लोकांना चटणी करून देतो. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभर रोजच्या कालवणात पडणारं तिखट, आणि ते प्रत्येक घराचं निराळं असतं. कुणाला झणझणीत संकेश्वरी मिरची जास्त लागते, कुणाला नुसती रंगाची ब्याडगी, कुणाला खोबरं दुप्पट. ही घरोघरीची मापं आक्कांनी एका वहीत उतरवून घेतली आहेत आणि ती वही कपाटात कुलपात असते. एकदा शेजारणीनं सहज विचारलं, "आक्का, त्या कोपऱ्यावरच्या बाई धनं किती घालत्यात ओ?" आक्का म्हणाल्या, "ती माहिती देता येत नाही." ही शेजारीण त्यांची मावसबहीण आहे.

दहा ते पाच आक्का पुस्तकातलं मराठी बोलतात. पाचचा ठोका पडला की पदर खोचून आपलं नेहमीचं बोलायला लागतात. मधल्या वेळेत त्यांना घरचं माणूस ओळखू येत नाही. थोरले दीर एकदा स्वयंपाकघरातून सोप्यात डोकावले आणि चहा मागितला, तर आक्का म्हणाल्या, "लोकांनी पुढच्या दारानं यावं." ते बिचारे परड्यातून वळसा घालून पुढं आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मॅडम, कपभर च्या मिळंल काय?" "बसा. आपला नंबर तिसरा." बाकावर दुसरं कुणीच नव्हतं. दीर तरीही बसले. इतकी वर्षं संसार केलेला माणूस, त्याला कुठं वाद घालायचा नाही ते कळतं.

मला कामावर घेतलं तेव्हा आक्कांनी माझी मुलाखत घेतली. बारा वर्षं आम्ही एका चुलीवर भाकरी भाजतोय, तरी विचारलं, "आपलं नाव?" मी सांगितलं. "शिक्षण?" मी खाली बघून म्हटलं, "चौथी." त्यांनी वहीत लिहिलं आणि वर बघून म्हणाल्या, "चौथी पास म्हणा. पास झालात ना?" त्या दिवसापासून दहा ते पाच मी मॅडम झाले. मला कुणी असं म्हटलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

गेल्या मे महिन्यात मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. दोन जावांनी आमच्याकडं चटणीला डबे पाठवले होते. घराच्या वाटण्या झाल्यापासून त्या वेगळ्या राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. वाटणीत भांडीही वाटली गेली, त्यात स्टीलच्या डब्यांच्या एका जोडीतला एकेक डबा एकेकीकडं गेला, आणि दोन्ही डब्यांवर त्यांच्या वारलेल्या सासूबाईंचंच नाव कोरलेलं. मी नाव वाचलं आणि डबे भरून दिले. तिसऱ्या दिवशी थोरलीचा फोन आला. "आक्का, काय घातलंयसा ह्यात? पैल्या घासालाच मालकांचं नाक-डोळं गळाय लागलं की!" तिच्या मालकांना पित्त आहे, त्यांचं माप सौम्य. धाकटीचं माप जाळ. डब्यांची अदलाबदल झाली होती.

फोन ठेवून आक्कांनी विचारलं, "मॅडम, डबे कुणी भरले?"

"मी." माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"रडायचं असेल तर मधली सुट्टी एक ते दोन आहे."

मी म्हटलं, "आक्का, धाकटीनं काय फोन केला न्हाय. तिला कळायचं बी न्हाय. गप बसूया की." आक्का म्हणाल्या, "ती बाई वर्षभर दुसऱ्याच्या घरची चव खाणार, आणि आपण गप्प बसणार? मग वही कुलपात कशाला ठेवायची?" मला कळलं, आता आक्कांचं नाव जाणार आणि माझं काम जाणार.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चटण्या नव्यानं कुटून आणल्या आणि दुपारी आम्ही निघालो. थोरलीनं डबा बदलून घेतला आणि चहाचा आग्रह केला. आक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "कामाच्या वेळेत घेत नाही." धाकटी मात्र भडकली.

"म्हंजे तीन दिस मी तिच्या घरची चटणी खाल्ली? कुणी भरला डबा?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"कार्यालयानं भरला," आक्का म्हणाल्या.

"मग कार्यालयाला सांगा, पुढच्या वर्षी मी दुसरीकडं जाणार."

आक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. धाकटीनं जुना डबा आणून दिला, पण हातातून सोडेना. मग हळूच म्हणाली, "लई फिक्की हुती ओ. आमच्या मोठ्या दिरांना ह्यापेक्षा तिखट लागायचं. आजारी हाईत काय ते?"

"ती माहिती देता येत नाही."

धाकटीचं तोंड उतरलं. आक्कांनी घड्याळ बघितलं. "पाचला दहा कमी आहेत. आम्ही पायरीवर बसतो." आम्ही खरंच बसलो, आणि धाकटी दारात उभी राहिली. पाच वाजले तशा आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "व्हय गं बाई. पित्तानं बेजार हाय त्यो माणूस. जाऊन बघून ये की एकदा."

ती गेली की नाही, मला माहीत नाही. यंदा ती चटणीला आली नाही. आक्कांना माहीत असेल, पण विचारायची सोय नाही.

परत येताना आक्कांनी गाड्यावर भेळ घेतली. माझा द्रोण हातातच राहिला. मी विचारलं, "आक्का, उद्यापास्नं मी येऊ नको काय?" त्या म्हणाल्या, "पाच वाजून गेल्यात. कामाचं उद्या दहाला इचार. आता भेळ खा, मऊ पडाय लागलीया."

दुसऱ्या दिवशी दहाला मी सोप्याच्या बाहेर उभी राहिले. दार उघडलं. आक्कांच्या हातात रंगीत दोऱ्याची रिळं होती. "मॅडम, आजपासून प्रत्येक डब्याच्या कडीला त्या घराच्या रंगाचा दोरा बांधायचा. बसा."

तेव्हापासून मी दोरे बांधते. पाच वाजले की आक्का हाक मारतात, "अगं ए, भाकऱ्या टाकायच्या न्हाईत व्हय?" आणि मी परत धाकटी जाऊ होते. त्यात वाईट काही नाही, आक्का जीव लावतात. पण अलीकडं पाचला पाच कमी असले की मी टेबल पुन्हा एकदा पुसायला घेते. आक्कांना ते दिसतं. पण त्या घड्याळाकडं बघत नाहीत.