सतरा जणांची एकवीस मतं

मुलाचं लग्न ओसाकाच्या मुलीशी ठरलं आणि विहीणबाईंशी निदान चार वाक्यं स्वतः बोलायचीच, असं बायकोने ठरवलं. म्हणून जुरोंग ईस्टच्या कम्युनिटी क्लबात शनिवारी सकाळी आम्ही जपानी शिकायला जाऊ लागलो. मी केवळ सोबत. बावन्नाव्या वर्षी मला नव्या लिपीची गरज नव्हती. जुन्या लिपीतली माझी सहीसुद्धा बँकेला दर वेळी नवी वाटते.

पाचव्या आठवड्यात बाईंनी (वर्गात त्यांना सेन्सेई म्हणायचं) एक कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतलं अक्षर, शिकवली. अर्थ, 'बरोबर'. रेघा पाच: वरची आडवी, मधली उभी, तिच्या उजवीकडे छोटी आडवी, डावीकडे छोटी उभी, शेवटी तळाची आडवी. जपानात मतं मोजताना दर मताला यातली एक रेघ ओढतात. अक्षर पुरं झालं की पाच मतं.

"म्हणजे मोजणी कुणालाही तपासता येते," सेन्सेई म्हणाल्या. ही भाषा मला पहिल्यांदाच आवडली.

त्याच दिवशी प्रश्न निघाला, वर्ग शनिवारीच ठेवायचा की बुधवारी संध्याकाळी? बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. बुधवारी संध्याकाळी तिची ड्यूटी. बुधवार ठरला की तिचं जपानी संपलं. मोजायला अर्थातच मी पुढे झालो. वर जाहीर केलं, "फळ्यावर येईल तेच अंतिम."

एकेकाने वार सांगितला, मी रेघ ओढत गेलो. सेन्सेईंनी फळा वाचला. शनिवार अकरा, बुधवार दहा. वर्गात माणसं होती सतरा, आम्हा दोघांना धरून.

पुढच्या बाकावरची चिनी आंटी खूश झाली. "अंकल, सेव्हन्टीन पीपल, ट्वेन्टी-वन व्होट! सो जनरस, लाह!"

चूक शोधायला वेळ लागला नाही. देवनागरीच्या सवयीने वरची रेघ मी सगळ्यांत शेवटी देत होतो, आणि डावी उभी व तळाची आडवी हात न उचलता एका झटक्यात. त्यामुळे माझं 'बरोबर' चार मतांतच पुरं होत होतं. खरा निकाल नऊ विरुद्ध आठ, शनिवारच्या बाजूने, हे मी सविस्तर समजावलं. चांगली दहा मिनिटं.

"पण अंतिम फळाच ना?" सेन्सेईंनी नम्रपणे विचारलं.

मत पुन्हा घ्यावं लागलं. माझं स्पष्टीकरण चालू असताना दोघी मुली बस पकडायला निघून गेल्या होत्या. दोघी शनिवारवाल्या. या वेळी रेघा आंटीने ओढल्या. सात विरुद्ध आठ.

परतताना एमआरटीच्या गाडीत जागा मिळताच बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अहो, बुधवारी संध्याकाळी तुम्ही काय करता?"

"विशेष काही नाही."

"आता वर्गाला जायचं. आणि शनिवारी सकाळी मला शिकवायचं. सगळं, जसंच्या तसं."

तेव्हापासून वर्गात मी शेवटून दुसरा आहे आणि घरी प्राध्यापक. परवा बायकोने विहीणबाईंना फोन लावला आणि मी शिकवलेलं पहिलं वाक्य न अडखळता म्हटलं. पलीकडून आनंदाने भलंमोठं उत्तर आलं. फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "तो धडा पुढच्या बुधवारी आहे."