पातेऱ्याची वाट

आराम हा शब्द माझ्या मुलाने इतक्या वेळा उच्चारला की मला त्या शब्दाचाच राग यायला लागला.

झालं एवढंच होतं, की मार्चमध्ये चष्मा दुरुस्त करायला महाडला गेले होते आणि चवदार तळ्याजवळ मला चक्कर आली. दिवस तिथल्या गर्दीचेच होते. तळ्यावर आलेल्या बायांनी मला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, पदराने वारा घातला, आणि त्यांच्यातल्या एकीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि उन्हात उपाशीपोटी फिरू नका म्हणून सांगितलं. ही बातमी मुंबईला पोचेपर्यंत तिचं काय काय झालं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मुलगा दारात हजर, आणि तोंडात एकच शब्द.

आमची वाडी वरंधच्या वर, डोंगरात. मी पोलादपूरकडच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका होते आणि घरची शेती नवरा बघायचा. मी निवृत्त झाले, मग तो गेला, आणि शेती माझ्याकडे आली. फार नाही, भाताची थोडी खाचरं आणि वरच्या अंगाला नाचणीपुरता माळ. पण वाडीत आता बहुतेकांची जमीन पडच आहे. मुलं मुंबईला, घरांना कुलपं. खाचर एकदा पड राहिलं की त्याचा बांध फुटतो, आणि फुटलेला बांध परत घालायला माणूस मिळत नाही. म्हणून मी दरवर्षी हट्टाने राब करते. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यात शेण पसरायचं, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे झाडांखालची सुकी पानं, वरून माती, आणि मग ते सगळं वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर लावणी नाही. पावसाआधी पातेरा गोळा झाला नाही की ते वर्ष हातचं गेलं. हे माझ्या मुलाला सांगायला लागू नये. लहानपणी त्याच्या डोक्यावर पातेऱ्याची पाटी मीच देत होते.

"आये, चार दिवस समुद्रावर राहा," तो म्हणाला. "एकदम नेचरमधे हाय. वेलनेस हॉटेल. नुसता आराम."

"मग आपलं घर कशात हाय रं?"

तो हसला. बुकिंग त्याने आधीच करून टाकलं होतं. मला सोबत म्हणून सूनबाई येणार होती, आणि शेजारीण गाईकडे बघणार होती. चार दिवसांनी परत येऊन पातेऱ्याला लागू असा हिशेब करून मी पिशवी भरली.

हॉटेल चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. नारळीच्या बागेत कौलारू खोल्या, बांबूची दारं, समोर वाळू आणि समुद्र. टीव्ही नाही. सगळी माणसं इतक्या हळू आवाजात बोलायची, की शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे असं वाटावं. सकाळी करवंटीतून नाचणीची आंबील यायची. बरी होती, मीठ कमी. पाहुणे ती डोळे मिटून प्यायचे. समुद्राचं मला अप्रूप नाही. माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं, तिथे भरतीचं पाणी लहानपणापासून बघितलेलं. आमच्या डोंगराचं पाणी महाडजवळ सावित्रीला मिळतं आणि मग याच समुद्रात येतं, त्यामुळे मी कुठे परक्या ठिकाणी आले आहे असं मला वाटलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू, मालिश मला फार आवडली. गुडघ्यांना कोमट तेल लावणाऱ्या मुलीला मी तिथल्या तिथे आशीर्वाद देऊन टाकला. रोज सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई येऊन रक्तदाब मोजायची आणि म्हणायची, "छान. आता काहीच करू नका." काहीच न करणं मला जमत नव्हतं. हात शिवशिवायचे. मी आमची अंथरुणं आवरली, सूनबाईचे कपडे वाळत घातले, आणि ते हॉटेलच्या माणसांनी येऊन पुन्हा आवरले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारणीचा फोन आला. नवऱ्याच्या मागे तिचाच काय तो आधार, आणि तिला माझा.

"काय गो, कशी हायस?" ती म्हणाली. "तुझ्या पोरानं फोन केलान. म्हनाला, यंदा आमचा राब नाय, आये आता मुंबईलाच ऱ्हानार. गायबी तूच ठेव म्हनाला. मंग तुझ्या आंब्याखालचा पातेरा मी नेऊ काय?"



"पानाला हात लावू नको," मी म्हटलं. "मी येतेय."

"ये गो बाय. मला पन करमत नाय."

सूनबाई पलीकडे बसली होती. मी तिला विचारलं, तुला हे ठाऊक होतं का. तिने मान खाली घातली. "ते म्हणाले, इथून परस्पर मुंबईला घेऊन ये, आईंना तिथे गेल्यावर सांगू. मी तुमच्यासाठी खोली लावून ठेवलीय, आई. पडदे पण नवे आणलेत." पोरीचं मन वाईट नाही, हे मी आधीपासून जाणते. पण मला अपमान वाटला. जन्मभर मी पोरांना शिकवलं, की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. माझ्या पोराने माझी पाटी मला न विचारता पुसून ठेवली होती, आणि वर मला समुद्राकाठी आंबील पाजत होता. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. तिथे त्याला उपवासाचा उपचार म्हणाले आणि माझं कौतुक केलं.

पहाटे उजाडताच मी पाय मोकळे करायला बाहेर पडले. डोक्यात तिडीक होतीच. खोल्यांच्या मागे फणस, चिकू, बदाम अशा झाडांखालून एक वाट जाते. तिकडे मी आधी गेले नव्हते. बघते तर वाटभर पातेरा. घोट्यापर्यंत पाय बुडावा इतका, सुका खडखडीत, एकही पान भिजलेलं नाही. असला पातेरा आमच्याकडे मिळवायला रानात किती लांब जावं लागतं. आणि इथे तो तुडवला जात होता, कुणाला त्याची पर्वा नाही. भिंतीला एक खराटा टेकवलेला होता. मी पदर खोचला.

एका टोकापासून झाडत गेले. हाताला काम मिळालं तसा राग जरा खाली बसला. वाट लख्ख झाली, तांबडी माती दिसायला लागली. कडेला मी पातेऱ्याचे ढीग लावले, पायाने दाबून, वाऱ्याने उडू नयेत असे. शेवटच्या ढिगावर मी उभी असताना पाहुणे आले. एका मागे एक, सगळे अनवाणी. झाडलेली वाट बघून ते थबकले. एकमेकांकडे बघत राहिले, पण कुणीच काही बोलेना. त्यांचं मौन चालू होतं हे मला मागाहून कळलं. एका माणसाच्या चेहऱ्यावरून तो मौन मोडण्याच्या अगदी बेतात असल्याचं दिसत होतं.

मग हॉटेलची मॅनेजरबाई धावत आली. मुलगी गुणी, आवाज चढवला नाही.

"आजी, ही पानं आम्ही मुद्दाम पसरलीयत."

"मुद्दाम?"

"बागांमधून टेम्पोने आणतो. पाहुणे त्यावरून चालतात, पानांचा आवाज ऐकतात. त्याने मन शांत होतं."

मला हसू आवरेना. पण चूक माझी होती. "थांब, पसरून देते," म्हटलं, आणि राबावर पसरते तसा हात फिरवत सगळी वाट पुन्हा भरून दिली. पाहुणे तोवर कडेला उभे होते. भरून झाल्यावर ते चालायला लागले आणि पानं अशी वाजली, की मला एकदम घरची आठवण आली आणि डोळे भरून आले. ते मी कुणाला दिसू दिलं नाही. मॅनेजरबाईला विचारलं, तुडवून चुरा झालेल्या पानांचं काय करता. फेकतो म्हणाली. मग एक गोण मला दे म्हटलं. तिने माळ्याला सांगून भरून दिली.

खोलीवर येते तो सूनबाई घाबरीघुबरी. तिने आधी मला डॉक्टरीणबाईपुढे बसवलं. रक्तदाब कालच्याइतकाच निघाला. "बघ," मी म्हटलं, "मेले नाय." सूनबाई हसली आणि लगेच गप्प झाली, कारण फोन वाजत होता. बुकिंग मुलाच्या नावावर होतं, त्यामुळे हॉटेलने त्यालाच कळवलं होतं.

"आये, तिथं झाडू मारलास तू? आरामाला पाठवलं होतं ना तुला? आता तरी पटलं काय, तुला एकटीला ठेवनं सेफ नाय ते?"

"राब नाय म्हणून तू परस्पर सांगितलंस. मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाय म्हटली असतीस."

"मग माझं उत्तर तुला ठाऊक होतं."

तो म्हणाला, "आपण घरी बोलू, आये."

"कुठल्या घरी?" मी म्हटलं, पण त्याने फोन ठेवला होता.

गाडीत मी पुढे बसले. गोण डिकीत होती. म्हसळा मागे पडल्यावर सूनबाई मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, आणि परत चक्कर आली तर?"

प्रश्न खरा होता, म्हणून मी उत्तरही खरं दिलं. "येईल कदाचित. गोळी मी चुकवत नाही, रोज संध्याकाळी तुला फोन करीन, उन्हात उपाशी जाणार नाही. एवढं मी करीन. पण तुझ्या नव्या पडद्यांच्या खोलीत मला दिवसभर काही करायचं नसेल, आणि त्याने मी चक्कर येण्याआधीच संपेन. मला भीती वाटत नाही असं नाही गो. मला तिथली जास्त वाटते."

माणगावला हायवे लागला. डावीकडे मुंबई, उजवीकडे महाड. नेहमीसारखी वाहनांची रांग होती, आणि ड्रायव्हरने डावीकडचा दिवा लावला होता.

"उजवीकडे घे बाबा," मी म्हटलं.

त्याने आरशातून सूनबाईकडे पाहिलं. त्याला मुंबईचं भाडं सांगितलेलं.

"आई सांगतायत ना," ती म्हणाली.

मुलाला मीच फोन लावला. "मी महाडच्या वाटेला लागलेय. सूनबायला एक शब्द बोलायचा नाय. गाडी मी वळवली."

तो भांडेल म्हणून मी तयारीत होते. वाडी, डॉक्टर, पाऊस, दरड, सगळ्यावर माझ्याकडे उत्तरं होती. पण तो भांडला नाही. त्याच्या मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग त्याने विचारलं, "पातेरा पुरंल काय?"

"आंब्याखालचा हाय. एक गोण समुद्रावरनं आणलेय."

"पेटवताना एकटी नको ऱ्हाऊस. आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटव."

मला शिकवत होता.

"तू ध्यानात ठेव," मी म्हटलं. "पुढं तुलाच पेटवायचाय."