मालाजवळ माणूस

मोबाइल बदलला की सहलीचे फोटो जातात. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. उलट दर वर्षी त्यात चार नवे पडतात आणि जुने सांगून सांगून फुगतात. लातूरच्या आमच्या गल्लीचं असंच झालंय. दिवाळी झाली की आठ-दहा घरं मिळून एक मिनीबस ठरवतात आणि भारत बघायला निघतात. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून नकाशा माझ्याकडे. आम्ही भारत पुष्कळ पाहिला. भारतानेही आम्हाला पाहिलं. दोघांपैकी जास्त धक्का कुणाला बसला, ते अजून ठरायचंय!

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. मन्मथअप्पा हे सहलीचे पुढारी. डाळमिलचे मालक, उभा जन्म आडत बाजारात गेलेला. महानंदाकाकू त्यांच्या मंडळी. दशम्या, शेंगाची चटणी, चहा, सगळं त्यांच्याकडे. कुलकर्णी सर इतिहासाचे रिटायर मास्तर, पाटी दिसली की वाचणार, तीही मोठ्याने. आणि ड्रायव्हर रशीदभाई उदगीरचे. गाडी थांबली की सीट मागे टाकून घोरायला लागणार, कारण पुढचा रस्ताही त्यांनाच ओढायचा असतो.

अप्पांचा सहलीत एकच कायदा. "मालाजवळ माणूस पाहिजे!" बाजारात पोत्याजवळ माणूस नसला तर पोतं राहत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यात एका तीर्थाच्या गावी आमची शेगडी गाडीतून चोरीला गेली, आणि कायदा आणखी कडक झाला. आमचा माल तरी काय? शेगडी, पिठाचे डबे आणि पाण्याचे कॅन. नळाला आठ-पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावचा माणूस बाहेर पडला की आधी कॅन भरतो. कपडे विसरेल, कॅन नाही विसरणार.

*

अप्पा ताजमहालासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा आ वासला तो मिटेचना. गाइड खूश झाला. म्हणाला, "होता है साहब, सबका ऐसा ही होता है."

अप्पांनी विचारलं, "इसमें रहता कोन?"

"कोई नहीं साहब. मकबरा है."

"इतनी बडी जागा, आन् रहताच नहीं कोई?"

गाइड प्रेमाबद्दल काहीतरी सांगू लागला. अप्पांचं लक्ष नव्हतं. ते इकडून तिकडे नजरेनेच माप घेत होते. शेवटी आमच्याकडे वळून हळहळत म्हणाले, "आपल्या लातूरात असतं तर समोरच्या बाजूनं गाळे काढले असते!"

गाइडला मराठी येत नव्हतं, नाहीतर आमची धडगत नव्हती. पण कुलकर्णी सरांना राहवलं नाही. त्यांनी 'गाळे' म्हणजे काय ते त्याला हिंदीत नीट समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्याने तिथूनच आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला.

*

विजापूरच्या गोलघुमटात वर एक गोल गॅलरी आहे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तरी पार समोरच्या टोकाला बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. ही माहिती आम्हाला गाडीत सरांनीच दिली होती, चांगली तासभर. पण जिने चढून सर असे दमले की स्वतःच विसरले. भिंतीला टेकून मला हळूच म्हणाले, "बाई, काकूंच्या चटणीत यंदा तिखट फार पडलंय हो. रात्रभर पोटात नुसती आग. पण अप्पांना सांगणार कोण?"

समोरच्या टोकाला अप्पा होते!

घुमट गरजला, "सर! आग पडली, तर मागून मागून कशाला घेतली?"

आणि मग घुमटच विचारत राहिला, घेतली... घेतली... घेतली... तिथे कर्नाटकातल्या कुठल्याशा शाळेची पोरं आली होती. त्यांना मराठीचा गंध नव्हता, तरी ती सरांकडेच बोट दाखवून हसत होती. सर जिना उतरले ते पाट्या न वाचता. चटणी करणारी बाई मात्र खाली गाडीत होती, त्यामुळे एक भांडण वाचलं.

*

केरळात आमची बोटीतून फेरी होती. बोटवाला तयार, बोट तयार, चहूकडे नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. आणि आमची मंडळी गाडीतून रांगेनं कॅन घेऊन उतरली!

बोटवाल्याने कॅनकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याला वाटलं, आम्ही ते विकायला आलो आहोत. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, यहाँ पानी नहीं बिकता."

सरांनी त्याला लातूरचा पाणीप्रश्न सांगायला सुरुवात केली. तो हात जोडून म्हणाला, "आदमी चढाओ, कॅन नहीं, बोट डूबेगा." आता कॅन असे उघड्यावर कसे सोडायचे? अप्पांचा चेहरा पडला. मग काकूच म्हणाल्या, "जावा तुमी. मी हाय कॅनजवळ." आम्ही गेलो. फेरी झकास झाली. अप्पा सगळा वेळ बोटीच्या कडेने हात पाण्यात बुडवून बसले होते.

*

एका वर्षी लांब जाणं कुणालाच जमेना. सर म्हणाले, "आपण सगळा देश हिंडतो आणि आपल्या उशाशी काय आहे ते बघत नाही. कंधारचा किल्ला बघू." अप्पांना पटलं. तूर घ्यायला ते जवळच्या लोह्याच्या बाजारापर्यंत शेकडो वेळा गेलेले, पण तिथून पुढे किल्ल्याकडे कधी मान वळवली नव्हती.

किल्ल्यापाशी सर राजघराण्यांच्या नावांची माळ ओढू लागले. अप्पा मात्र खंदकाच्या काठावर खिळून उभे. खंदकात पाणी होतं. चांगलं हिरवंगार, भिंतीला लागून लांबवर.

"सर, हे पानी कशापायी?"

"शत्रू आत येऊ नये म्हणून."

अप्पा मटकन दगडावर बसले. "एवढं पानी... दुश्मनासाठी ठिवलं?"

"तशी पद्धतच होती अप्पा."

"आवो, आपल्याकडं असा खंदक असता तर दुश्मन तलवार घरी ठिवून कॅन घिऊन आला असता!"

तिथे शेळ्या चारणारा एक म्हातारा होता, तो इतका हसला की त्याच्या शेळ्या पांगल्या. गाडीत आल्यावर अप्पांनी काकूंना त्या खंदकाचं वर्णन करून सांगितलं. काकूंनी चहा गाळता गाळता ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे केवढा? आपल्या मिलएवढा?" अप्पा म्हणाले, "सोड. तुला न्हाई समजायचं."

*

गेल्या दिवाळीत मात्र आम्हाला खराखुरा धक्का बसला. तोही घरबसल्या.

फराळाला सगळे माझ्याकडे जमले होते, रशीदभाईही आले होते. नांदेडहून माझी भाची आली होती. तिने सगळ्यांच्या मोबाइलमधले उरलेसुरले फोटो गोळा करून टीव्हीवर लावले. आग्रा, हंपी, विजापूर, केरळ, सगळं एकामागून एक. आम्ही ओरडतोय, हसतोय, एकमेकांच्या पोटांवर बोलतोय. भाची मध्येच म्हणाली, "मावशी, ह्यात काकू कुठायत?"

सर म्हणाले, "काकूंनीच काढले असतील फोटो."

काकू करंजी वाढत होत्या. म्हणाल्या, "मला कुटं मोबाइल चालवता येतोय?"

हसणं बंद झालं. मी विचारलं, "काकू, तुम्ही ताजमहाल पाहिलाय ना?"

"पाहिला की. पार्किंगातून."

"आणि हंपी?"

"हंपीची पार्किंग चांगली हाय बाई. चिंचंचं मोठं झाड हाय, सावली पडती. आग्र्याला लई ऊन. केरळात पार्किंगच न्हवती, रस्त्याच्या कडंला गाडी. विजापूरला बरं, घुमट मोठा हाय, गाडीतूनबी दिसतोय."

अख्ख्या भारतातल्या पार्किंगांची माहिती त्या बाईने आम्हाला उभ्या उभ्या दिली! कुठे नळ आहे, कुठे कुत्री फार, कुठला चहावाला चांगला. आणि त्या पार्किंगच्या पुढे जे काही होतं, त्यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दर वेळी प्रत्येकाला वाटायचं, मागच्या खेपेला काकू थांबल्या होत्या, आज दुसरं कुणीतरी थांबलं असेल. दुसरं कुणी कधीच थांबलं नव्हतं.

रशीदभाई खाली बघत म्हणाले, "मैं तो हर बार बोला, काकी तुम जाओ, मैं जागता. नक्को बोलते."

"तुमी झोपायला पायजे की," काकू म्हणाल्या. "पुढं गाडी कोन चालवनार?"

अप्पांच्या मुठीतला चिवडा मुठीतच राहिला होता. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नाही. "अगं, मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच म्हनता की, मालाजवळ माणूस पाहिजे."

टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर बरं वाटलं असतं. काकूंनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. भाचीने टीव्ही बंद केला. काकू आपल्या सगळ्यांना करंजी घ्या, करंजी घ्या, म्हणून आग्रह करत राहिल्या.

शेवटी मीच म्हटलं, "यंदा कुठे जायचं ते काकू ठरवतील."

काकूंनी थोडा विचार केला. "कुटंबी न्या," त्या म्हणाल्या, "पर आतून दाखवा."

*

त्याच दिवाळीनंतर आम्ही राजस्थानात गेलो. एका जुन्या संस्थानी बागेपाशी गाडी थांबली. आत राण्यांचे महाल, संगमरवरी हौद, कारंजी. अप्पा जागेवरून उठलेच नाहीत. कॅनवर हात ठेवून म्हणाले, "मालाजवळ मी हाय. जावा तुमी." काकू दारात घुटमळल्या. "तुमाला चहा लागला तर?" असं विचारू लागल्या, तेव्हा मी हात धरून त्यांना खाली उतरवलं.

काकूंनी इरकली नेसली होती, ठेवणीतली. स्वतःचं तिकीट स्वतःच्या हातात घट्ट धरलं होतं. दारावरच्या माणसाने ते फाडलं तेव्हा त्या दचकल्या. आत गेल्यावर दिसेल त्या खांबाला हात लावून बघायच्या. सरांनी पाटी वाचली की मान डोलवायच्या. माझा जीव मात्र टांगणीला. आवडेल ना? एवढ्या वर्षांनी आत आली आहे ही बाई, आणि म्हणाली की पार्किंग बरी होती, तर?

मधल्या मोठ्या हौदापाशी गर्दी होती. एक नवरी-नवरदेव फोटो काढून घेत होते. मागे कारंज्यांची रांगच रांग, पाणी माणसाच्या डोक्याच्याही वर उडतंय. फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, स्माइल!" आणि त्याच क्षणी पहिलं कारंजं बसलं. मग दुसरं. मग सगळीच्या सगळी! नवरीचं तोंड उघडं ते उघडंच. गर्दीतून "अरे! अरे!" निघालं. एक माळी हातातलं खुरपं टाकून धावत सुटला.

मी मागे वळून पाहिलं. काकू नव्हत्या.

तेवढ्यात मेंदीच्या कुंपणामागून काकू आल्या, पदराला ओले हात पुसत. आमच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "कुनीतरी पान्याची चावी चालूच सोडून गेलं व्हतं बाई. लई वाया चाललं व्हतं. केली बंद."

माळी ओरडत आला. सर त्याच्या आडवे गेले. "भैया, हम लातूर से हैं," म्हणाले, जणू त्यात सगळं आलं. माळ्याला त्यातलं काहीच कळलं नाही. पण काकूंचं वय बघून तो जरा निवळला. म्हणाला, "माँजी, ये बंद नहीं करते. ये दिन भर चलता है."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनला?"

"हे दिवसभर चालूच असतं काकू."

"दिवसभर?"

"हो."

"कशापायी?"

"बघायला."

काकू हौदाच्या काठावर बसल्या. मग माळ्याला हातानेच खूण केली, चालू करा. तो काय समजला कोण जाणे, त्याने त्यांनाच कुंपणामागे नेलं आणि चावीवर त्यांचा हात ठेवला. काकूंनी चावी फिरवली. एकेक करून कारंजी उठली. काकू परत आल्या, काठावर बसल्या, तोंडावर तुषार उडत होते ते पुसलेही नाहीत. मी वाट बघत होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यांना बोलवा."

मी गाडीकडे धावले. "अप्पा, काकू बोलावतायत," एवढंच म्हणाले, तर अप्पांचा रंग उडाला. काही झालं की काय! चप्पल न घालता, धोतर सावरत, ते माझ्या पुढे पळत आत शिरले. दारावरच्या माणसाला मी कसं पटवलं ते माझं मला माहीत. धापा टाकत अप्पा हौदापाशी आले. काकू धडधाकट बसलेल्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, मग एकदम काहीतरी आठवून मागे वळले.

"अगं, मालाजवळ कोन हाय?"

काकूंनी कारंज्यावरची नजर काढली नाही.

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा."