काळ्या शाईचा माणूस

सोमवारी सकाळी नाना ऑफिसात आले. त्यांनी डबा टेबलाखाली ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि खुर्चीतून खाली पडले. ऑफिसातल्याच कदमांनी आणि मी त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेले होते.

एवढं लिहायला मला फार वेळ लागला. अजूनही मधेच थांबायला होतं.

सांगलीत आमचं नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यांच्या शेड, बंगले, पाणीयोजनांची पंपघरं, जे काम येईल ते आम्ही कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढतो. नाना आमच्यातले सगळ्यांत जुने. मूळचे शिराळ्याकडचे, राहायला माधवनगरला. सातारा-सांगलीकडच्या ड्राफ्ट्समन लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर नाना दर शनिवारी आवाजी संदेश टाकायचे. सुरुवात ठरलेली असायची. "रामराम मंडळी. आधी टिप, मग बातमी."

टिपा साध्या असायच्या. "माप बदलायचं तर भितीची रेघ हलवा. नुसता आकडा हातानं टाइप करू नका. रेघ एक सांगती आन आकडा दुसरंच सांगतोय. गवंडी आकडा वाचतोय, गड्यांनो!"

बातमीत बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचा समाचार असे. "नवीन आवृत्ती आलीया. कुणी पळत जाऊ नका. पुण्याच्या लोकांस्नी आधी घिऊ द्या. त्येंच्या फायली उडू द्या. मग आपुन बघू."

पण त्यांचं सगळ्यांत आवडतं वाक्य एकच होतं. "रंगावर जाऊ नका, नावावर जा."

तुम्ही नकाशाच्या ऑफिसात कधी डोकावला असाल तर पाहिलं असेल, आमच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेघा असतात. भिंतीचा थर, म्हणजे एका प्रकारच्या रेघांचा गट, वेगळा, नळाचा वेगळा, विजेचा वेगळा. प्रत्येक थराला रंग असतो, आणि त्या रंगाला नंबरही असतो. लाल म्हणजे एक, हिरवा म्हणजे तीन. आम्ही सगळे रंगांवरून काम करतो. नाना प्रत्येक थराला नाव द्यायला लावायचे, आणि रंगाचा विषय निघालाच तर नंबर सांगायचे. "नळ एक नंबरात घ्या, ताई." ताई म्हणजे मी.

कदम साताऱ्याकडचे, थोडे आळशी. ते थरांना 'एक', 'दोन', 'नवीन', 'नवीन दोन' अशी नावं द्यायचे. नाना त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "कदम, पोरांची नावं बी अशीच ठिवलीस का रं?"

"नाना, पोरगं एकच हाय. घोळ व्हत न्हाई."

"दुसरं झालं म्हंजे त्येला 'नवीन दोन' म्हण."

आम्ही हसायचो. नानांच्या शिस्तीचं आम्हाला कौतुक होतं.

तिसऱ्या दिवशी कदम आणि मी नानांचा डबा आणि चष्मा द्यायला माधवनगरला गेलो. नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "ह्येचा तरी काय उपेग हुता? चष्म्यानं काय तांबडं-हिरवं कळतंय व्हय?"

आम्हाला काही समजलं नाही. वहिनींनी आमच्याकडे पाहिलं.

"तुमाला म्हाईत न्हाई? ह्यांना तांबडं आन हिरवं येकच दिसायचं. लहानपनापासनं."

कदम म्हणाले, "वहिनी, आवं, तीस वरसं कॅडवर काम केलं त्येंनी."

"केलं की. कुणाला कळू न देता केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी नाना माधवनगरच्या एका गिरणीत लागले होते. तिथे त्यांनी तांबड्या सुताच्या जागी हिरवं लावलं. पुष्कळ कापड वाया गेलं, आणि सगळ्या खात्यासमोर त्यांना कामावरून घालवलं. "मग नकाशाचं शिकले. का, तर त्यात काळी शाई. पांढऱ्या कागदावर काळी रेघ. मला म्हनले, आता कुनी घालवत न्हाई. आन मग ते कॉम्पुटर आलं, रंग घिऊन." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "कळलं तर परत घालवतील म्हनायचे. ह्या वयात कोन ठिवून घेतंय?"

परत येताना कदमांनी गाडी रस्त्याकडेला लावली आणि खाली उतरून उभे राहिले. म्हणाले, "सिग्नलला मागं बसून म्हनायचे, खालचा दिवा लागला, चल. मला वाटायचं, म्हातारं चेष्टा करतंय."

तेव्हापासून मला नानांचं प्रत्येक वाक्य पुन्हा ऐकू येतं. जतकडचा एक मेंढपाळ एकदा घराचा नकाशा घ्यायला आला होता. पोरं सैन्यात, हातात पहिल्यांदाच घर बांधण्याइतके पैसे. त्यानं विचारलं, "आवं नाना, म्होरल्या बाजूला कसला रंग द्यावा?" नाना म्हणाले, "रंगाचं घरातल्या बाईला इचारायचं. आपुन भितीचं बोलायचं." तो माणूस खूश होऊन गेला. मी ते वाक्य घरी आईला सांगितलं होतं. आईलाही आवडलं होतं.

तुम्ही आमच्या जागी असता तर तुम्हालाही ते शहाणपणच वाटलं असतं. ते शहाणपण होतंच. पण त्याच्या खाली भीती होती, आणि ती आमच्यातल्या कोणालाही दिसली नाही.

या वर्षी ऑफिसच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात नुसत्या रेघा नसतात, आख्खी इमारत उभी राहते. पाइप बीममधून गेला असेल तर तो भाग लाल होतो, मोकळा असेल तर हिरवा. नाव नाही, नंबर नाही. पाहायचं आणि ओळखायचं.

पहिल्या आठवड्यातच नानांनी मला हाक मारली. "ताई, हितं बघा जरा. काय दिसतंय?"

पडद्यावर पंपघराचे पाइप होते. मला वाटलं, ते माझी परीक्षा घेताहेत. नाना आम्हाला नेहमीच असं विचारायचे. मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं, "हा लाल आहे, नाना. बीमला घासतोय."

"ह्यो?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"नाही, त्याच्या शेजारचा."

"बराबर," नाना म्हणाले. "आता बाकीचं सांगा."

मी सांगत गेले आणि ते प्रत्येक पाइपला नाव देत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं. मग एकदा म्हणाले, "ताई, तुमची नजर चांगली हाय. तुमचं टेबल माज्या शेजारी आना." मी त्या संध्याकाळी घरी पेढे नेले. नानांनी शेजारी बसवणं हा आमच्याकडे मान होता.

त्यानंतर शनिवारचे संदेश थांबले. ग्रुपवर साताऱ्याच्या कोणीतरी विचारलं, "नाना, टिप कुठं हाय?" नानांनी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की सोमवारपासून सगळी तपासणी पडद्यावरच होईल, ज्याची त्यानं करायची आणि खाली स्वतःचं नाव टाकायचं. नाना म्हणाले, "साहेब, मी कागदावर काढून तपासलं तर चालंल का?"

साहेब हसून म्हणाले, "नाना, काळ्या प्रिंटवर लाल-हिरवं कसं कळणार?"

सगळे हसले. नानाही हसले. मी त्यांच्या शेजारीच होते. त्या हसण्यात मला काहीही वेगळं वाटलं नाही.

सोमवारचं मी वर लिहिलं आहे. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. ते तेवढंच असेल. मी त्याला आणखी काही जोडणार नाही.

वहिनींनी सांगितलेलं कदमांनी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. नानांच्या मुलीच्या लग्नात ते पाहुण्यांना वाढत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "सांगायचं होतं की मला. मी काय काढलं असतं का त्यांना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, काढलं असतं का मी?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि कदाचित तेच बरं झालं असतं. पण नाना तीस वर्षं ज्या प्रश्नाला घाबरत होते, तो कोणीतरी पहिल्यांदा मोठ्याने विचारला होता.

"माहीत नाही, साहेब," मी म्हणाले.

"मलाही," ते म्हणाले.

नानांच्या टेबलावर आता मोठा प्रिंटर ठेवला आहे. तपासणी पडद्यावर होते. पंपघराची मी केली, आणि खाली माझं नाव आहे.