पहिली लाथ पाहुण्यांची

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांवर लाथ उगारणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

पाहुणे फुलंब्रीचे. मुलगा आमच्या रेणूला मनापासून आवडलेला. त्यामुळे "अहो, तुम्ही कमी बोला," अशी तंबी बायकोनं मला सकाळीच दिली होती. मी गप्पच होतो. घात केला तो मुलाच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी.

"तुमच्या या मुकुंदवाडीत पूर्वी एक व्हिडिओ सेंटर व्हतं. कुंगफूचे पिक्चर लई पाह्यले तिथं!"

मी ताडकन उठलो. "तुम्ही पण?"

संपलं! डिंकानं दाढी चिकटवलेले ते म्हातारे गुरुजी (मारामारीत दाढी एका बाजूनं सुटायची, पुढच्या शॉटला परत जागेवर!), ओठ आधी हलायचे आणि हिंदी मागून यायची, नुसता हात हलवला तरी गोधडी झटकल्याचा आवाज! हीरोला गुंडांची टोळी घेरायची. पण मार खायला एकेकच पुढे यायचा, बाकीचे शिस्तीत थांबायचे! चहा निवला. मुला-मुलीचं बोलणं राहूनच गेलं. रेणू डोळ्यांनी मला विनवत होती.

"ती उडती लाथ आठवती का?" अण्णांनी विचारलं.

"आठवती? अहो, मला येते!" (वय छप्पन्न. गुडघे त्याहून म्हातारे.)

टीपॉय सरकवला, समोरासमोर उभे राहिलो आणि मानपान आडवा आला.

"पहिली लाथ तुमची, अण्णा. तुम्ही मुलाकडचे!"

"नाय नाय, घर तुमचं. तुम्हीच मारा."

"असं कसं? पाहुण्यांचा मान आधी!"

"मारा की राव! नायतर मला वाईट वाटंल."

"बाबा, नका ना!" रेणू रडकुंडीला आली. पण मुलाकडच्यांचा शब्द मोडायचा कसा? मी "हूऽऽ हा!" करून उडालो. म्हणजे, एक पाय उडाला. दुसऱ्यानं साथ दिली नाही. अण्णांच्या हातभर अलीकडंच मी धाडकन आपटलो. पण अण्णा खानदानी माणूस! यजमानाची लाथ वाया जाऊ नये म्हणून ते न लागताच "आऽऽह!" करत मागं कोसळले, ते थेट पाकातल्या इमरतीच्या ताटात. पांढऱ्या पँटसकट!

बायकोनं तोंडाला पदर लावला. रेणू मात्र उठली. "बाबा, कंबर हलवू नका. काका, तुम्ही आधी कुशीवर वळा." एकाला उशी दिली, दुसऱ्याला ओला टॉवेल, आणि बाम आणायला आत गेली.

मुलाची आई पदर खोचून उठली. झालं! सोन्यासारखं स्थळ मी लाथाडलं होतं. पोरीला काय तोंड दाखवू? मी जमिनीवर पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले.

"पोरगी आम्हाला पसंत हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बी असलंच एक येडं हाय. सांभाळायची सवय असलेली सून पाह्यजेच व्हती."

रेणूच्या एम.फार्म.बद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. पोरीचं लग्न जमलं ते निव्वळ बाप सांभाळल्याच्या अनुभवावर!