डबा दिसत नाही

माझे मोठे भाऊ आंजीला राहतात. वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात आणि वर्ध्याच्या बाजारात पाठवतात. त्यांच्या मुलीनं पुण्याहून त्यांना एक काळा डबा पाठवला. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आणि शेतीचे कागद त्यात ठेवायचे, मग ते घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा टीव्हीवर पाहता येतात. दुकानदार त्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. आम्ही डबाच म्हणतो. आत दोन हार्ड डिस्क असतात आणि दोन्हींवर तोच माल असतो. भाऊंना हे एका दमात समजलं. म्हणाले, "म्हणजे गाडीची बैलजोडी. एक बसला तरी दुसरा बंडी घरी आणते." सोबतच्या पुस्तिकेत इतकं स्वच्छ वाक्य मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुस्तिका मी वाचली, कारण माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. जे जे छापलेलं आहे ते मला समजतं असा त्यामुळे आमच्या कुटुंबात समज आहे. मी तो कधी खोडला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात डबा रोज दुपारी आपोआप बंद पडायचा. पुण्याहून पुतणीनं फोनवर तासभर सूचना दिल्या, मी त्या वहीत उतरवून घेतल्या. शेवटी कळलं की वहिनींनी डब्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं. डबा मे महिन्यात स्वेटर घालून काम करत होता. झाकण काढलं, पण बैठकीतली वस्तू अशी उघडी बरी दिसत नाही, म्हणून पाहुणे आले की घालायचं असा तह झाला. पुढे पावसाळ्यात लाईन गेली की डबा टीव्हीला सापडेना. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये एक पत्ता मिळतो आणि आमचा डबा लाईन आली की नव्या पत्त्यावर राहायला जायचा. त्याला मी कायमचा पत्ता बांधून दिला. तेव्हापासून भाऊ मला चारचौघांत 'आमचा इंजिनिअर' म्हणू लागले आणि मला ते आवडूही लागलं. नुकसान तिथूनच सुरू झालं.

नवमीला भाऊंचे इवाई, म्हणजे व्याही, मुलीचे सासरे, आष्टीहून जेवायला येणार होते. मुलीच्या लग्नात त्यांनी संसार या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. वरण थंड झालं होतं, भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. त्या भाषणाचा व्हिडिओ डब्यात होता आणि इवायांनी तो कधी पाहिला नव्हता. जेवण झाल्यावर मोठ्या टीव्हीवर दाखवतो, असा शब्द भाऊंनी त्यांना फोनवर दिला होता. इवाई आपल्या दोन चुलतभावांनाही घेऊन येणार होते. भाऊंचा शब्द असा कधी खाली पडलेला नाही. नातं नवं होतं, आणि मागे आष्टीला गेलो तेव्हा इवायांनी आम्हाला आपली शेती ड्रोननं काढलेल्या व्हिडिओत दाखवली होती. त्याची परतफेड बाकी होती.

मी सकाळी पोहोचलो तेव्हा घरात धुणंपुसणं चाललं होतं. आमच्याकडे नवमीला अवजारं धुऊन देवापुढे मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. म्हणतात, अवजारं बसली. भाऊंनी वहिनींना बजावून ठेवलं होतं, "बाकी काई पण बसव, पण त्या डब्याले हात नोको लावू." वहिनींनी लावला नव्हता.

मी टीव्ही लावला. टीव्ही म्हणाला, डबा दिसत नाही.

डब्यावर दिवे होते, फक्त नेटवर्कचा दिवा विझलेला होता. मी पुस्तिका उघडली. डबा बंद करून सुरू केला. टीव्ही बंद करून सुरू केला. डब्यातली वायर काढून परत घातली. तिचं दुसरं टोक कपाटावर होतं, वायफायचं यंत्र असतं तिथं. तिथवर जायला स्टूल लागत होतं आणि माझ्या गुडघ्याला स्टूल मानवत नाही. शिवाय सगळ्यांच्या फोनवर इंटरनेट चालू होतं, म्हणजे वायफाय ठणठणीत आहे असं मी जाहीर केलं. जाहीर केल्यावर तपासण्याची सोय राहत नाही.

इवाई आले, जेवले. पुरणपोळी वाढताना भाऊ माझ्याकडे पाहत होते. पानावरून उठताच इवाई टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले, चुलतभाऊ दोन्ही बाजूंना. मी गंभीर चेहऱ्यानं सेफ्टी पिन मागितली. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टोचलं की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. व्हिडिओला धक्का लागत नाही असं पुस्तिका म्हणते. भाऊंनी माझा हात धरला.

"त्यात इवायाचं भाषण हाये," ते हळूच म्हणाले. "काऊन टोचून राह्यला?"

इवाई उठले, हात मागे बांधून डब्याभोवती फिरले आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, हे वायर जाते कुठं?"

या माणसाला मी दोन वर्षं मनातल्या मनात फुगलेलं पोतं म्हणत आलो होतो, आणि त्या दिवशीचा एकमेव शहाणा प्रश्न त्यानं विचारला. त्यांचा एक चुलतभाऊ स्टुलावर चढला. कपाटावर वायरीचं मोकळं टोक होतं आणि पुसून लख्ख केलेली जागा. यंत्र नव्हतं.

"ते बसलं हाये," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या.

देवापुढे विळे, खुरपी, फवारणीचा पंप आणि त्यांच्या मधोमध झेंडूच्या ढिगात वायफायचं यंत्र. दोन्ही अँटेनांना कुंकू. आमचे फोन सकाळपासून आपापल्या रिचार्जवर चालले होते आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी वहिनींना एवढंच विचारलं, हे काय केलं.

"तुमीच तं म्हणलं, बाकी काई पण बसव. सारं घर त्याच्या जिवावर चालते म्हणता. मंग एक दिवस त्यालेच सुट्टी नाई?"

भाऊ यंत्र उचलायला वाकले. शब्द एकीकडे, नवमी एकीकडे, आणि वय बहात्तर. हात झेंडूपाशी थांबला. मागून इवायांचा आवाज आला.

"राहू द्या, इवाई. बसलेलं अवजार उठवू नाई. माह्या भाषणापायी तं नाईच नाई."

भाऊ सरळ झाले. त्यांनी इवायांचे दोन्ही हात हातात घेतले. मी माझ्या मनातलं पोतं मुकाट्यानं मागे घेतलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. तो कांद्यामुळे असावा, भजी चालू होती.

"तसंही," इवाई खुर्ची आमच्याकडे वळवत म्हणाले, "मले ते पाठ हाये."

दोन्ही चुलतभाऊ एकदम चपला शोधू लागले, पण इवायांनी त्यांना नजरेनं बसवलं. मग ते उभे राहिले, घसा साफ केला आणि मंडपात केला होता तसाच सगळ्यांना नमस्कार केला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात संसाराबद्दल त्यांना आणखी बरंच सुचलं होतं. टीव्हीवर असतं तर आवाज तरी कमी करता आला असता. भाऊ मात्र समोर ताठ बसून एकेक वाक्यावर मान डोलवत होते. शब्द पाळला गेला होता.