मोतीराम कीमॅनची मॅरेथॉन

आमच्या बडनेऱ्याच्या मोतीराम तायडेला पळताना पाहिलं की आधी हसू येतं. तीस वर्षं तो रेल्वेत कीमॅन आहे. खांद्यावर हातोडा घेऊन रोज बारा किलोमीटर रुळांमधून चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी एखादी चावी ढिली झाली असेल तर ती ठोकून बसवायची, हे त्याचं काम. त्यामुळे त्याची पावलं रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या मापाची झाली आहेत. डांबरी रस्त्यावरही पठ्ठ्या स्लीपर मोजतच पळतो.

गेल्या जानेवारीत अमरावतीला मॅरेथॉन झाली. दहा किलोमीटरलाही मॅरेथॉन म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पन्नाशीपुढच्या गटात पहिलं बक्षीस होतं विजेवरची स्कूटर. मोतीरामची बायको जाईबाई अंगणवाडीत मदतनीस. दुखरे गुडघे घेऊन रोज चार किलोमीटर जाते, तेवढंच येते.

"पयलाच नंबर आना," तिनं बजावलं. "दुसऱ्याले मिक्सर हाय, अन् मिक्सर आपल्या घरी हाय."

आठ किलोमीटरपर्यंत मोतीराम सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात रेल्वेचं फाटक पडलं. शर्यत भरवणाऱ्यांनी पाहुणे, फुगे, केळी, सगळ्यांचा विचार केला होता. गाडीचा तेवढा राहिला. मोतीराम जागच्या जागी थांबला. मागून आलेले जानराव गुरुजी मात्र फाटकाखाली वाकले.

"गुरुजी, गेट बंद हाय!"

"गाडी दूर हाय, मोतीराम. चाल!"

"दूर दिसते, पन येते लवकर!"

गुरुजी गेलेसुद्धा. जन्मभर पोरांना शिस्त शिकवलेला माणूस! मला आजही त्यांचा राग येतो. मोतीरामनं मालगाडीचे अठ्ठावन्न डबे इमानानं जाऊ दिले. फाटक उघडलं, मागचे सगळे सुसाट सुटले, आणि याला नेमकी एक चावी ढिली दिसली. हद्द त्याची नव्हती. पण सवय! गेटमनचा हातोडा मागून त्यानं चावी बसवली आणि मगच पळाला. नंबर आला तेविसावा. मिळाली एक टोपी.

जाईबाईनं ती टोपी कोपऱ्यात भिरकावली.

"शर्यतीत कोनी हातोडा मारते काय? अन् गुरुजी कसे पयले आले?"

"गेटाखालून गेले. गाडी त्याइच्या पाठीमागून हातभर अंतरानं गेली."

जाईबाई कोपऱ्यात गेली. तिनं टोपी उचलून झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"बरं झालं थांबले. स्कूटर घरी आली असती अन् तुमी आले नसते, त मी कोनाच्या मागं बसली असती?"

मोतीरामला स्कूटर चालवता येत नाही, हा विषय त्या दिवशी दोघांपैकी कुणीच काढला नाही.